पाणबुडीतला फोन आणि ४०१-केचं कर्ज

मिशिगनमधल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४४, गाड्यांच्या कंपनीत नोकरी, दोन मुलं, सांगलीला आईवडील. मित्राबरोबर निम्म्या भागीदारीत त्यांनी एक जुनी, कुणीतरी घरच्या घरी बांधलेली पाणबुडी घेतली आहे: के-३५०, दोन माणसांची, ३५० फूट खोलीपर्यंतच्या आराखड्याची. आता तिच्यात पाण्याखालून बोलायचा फोन आणि हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, बसवायचा आहे. एकूण अंदाज ८,४०० डॉलर, आणि ते ४०१-केवर, म्हणजे नोकरीतून जमणाऱ्या निवृत्ती निधीवर, कर्ज काढून भरायचे. ‘बायको म्हणते घरचा पैसा पाण्यात घालवू नका. तुम्ही काय म्हणता?’

फोन घ्या. कर्ज काढू नका. आणि फोन बसेपर्यंत खोल जाऊ नका.

फोनला मी चैन म्हणणार नाही. बोटींवरचा नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ पाण्यात शिरताच मुका होतो, तिथे चालतो फक्त आवाज. खाली असताना सोबतच्या बोटीला ‘ठीक आहे’ एवढं कळवायलाही भरवशाचा दुसरा मार्ग नसतो. त्यामुळे या खरेदीला मी ब्रेकच्या रांगेत बसवतो, म्युझिक सिस्टिमच्या नाही.

तुमच्या यादीत ६,२०० डॉलर फोनच्या दोन सेटचे आहेत, एक आत आणि एक बोटीवर. टाळी एका हाताने वाजत नाही, तेव्हा दोन हवेतच. पण घेण्याआधी फ्रीक्वेन्सी विचारा. पाण्यात उतरणाऱ्या डायव्हरांकडचे बरेच संच ३२.७६८ किलोहर्ट्झवर चालतात (मनगटी घड्याळातल्या क्रिस्टलचा आकडाही हाच), तर नौदलाची जुनी पद्धत ८ किलोहर्ट्झच्या आसपासची. तुमच्या भागात मदतीला येऊ शकणारे डायव्हर आणि हौशी मंडळी ज्यावर बोलतात तेच घ्या. वेगळ्या फ्रीक्वेन्सीचा संच अर्ध्या किमतीत मिळाला तरी तो महागच पडला.

हायड्रोफोन ४०० आणि अँप्लिफायर-रेकॉर्डर ९००, असे १,३०० डॉलर तुम्ही ‘ऐकण्यासाठी’ धरलेत. इथे एक गैरसमज दिसतो. हायड्रोफोनवर फोनचं बोलणंही ऐकू येईल, असं तुम्ही लिहिलंय. नाही येणार. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो आणि सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेणारा रेकॉर्डर २४ किलोहर्ट्झला. ३२ च्या पट्टीतलं बोलणं त्या संचातूनच उलगडावं लागतं. हायड्रोफोनचं खरं काम वेगळं: वर येण्याआधी डोक्यावरून एखादी मोटरबोट जाते आहे का, ते ऐकणं. उन्हाळी शनिवारी मिशिगनच्या कुठल्याही सरोवरात हे काम मोलाचं आहे. त्याला रेकॉर्डर लागत नाही, साधा अँप्लिफायर आणि हेडफोन पुरतो. ९०० मधले निदान ७०० वाचवा. आणि पहिले काही दिवस हायड्रोफोन धक्क्यावरून पाण्यात सोडून स्वतःच्याच पाणबुडीचे थ्रस्टर, म्हणजे तिला ढकलणारे मोटरचे पंखे, ऐका. मोटरच्या स्पीड कंट्रोलरची किरकिर एवढी निघते, की ट्रान्सड्यूसर (फोनचा पाण्यात आवाज सोडणारा आणि टिपणारा भाग) कुठे बसवायचा नाही हे तिथेच कळेल. बुडण्यासाठी पाणी भरतात त्या बॅलास्ट टाकीच्या आडही तो नको, कारण टाकीत राहिलेली हवा आवाज अडवते.

केबल आणि पेनिट्रेटरचे (केबल पाणी न शिरू देता आत नेणाऱ्या जोडणीचे) ९०० डॉलर मात्र मला कमी वाटतात. पाणबुडीच्या कवचात आधीचं एखादं रिकामं, बूच मारलेलं भोक असेल तर तेच वापरा, नवं पाडू नका. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे ३०० फुटांवर त्या छोट्या जोडणीवर बाहेरून नऊ वातावरणांचा जादा भार असतो. जोडणी झाल्यावर आत माणूस न बसवता पाणबुडी दोराने खाली सोडून तपासावी लागते. त्या दिवसाच्या बोटीचा आणि क्रेनचा खर्च तुमच्या कागदावर कुठेच नाही. रेकॉर्डरचे वाचलेले ७०० इथे जातील.

आता कर्ज. ४०१-केतून स्वतःच्याच पैशावर काढायचं, व्याजही स्वतःलाच मिळतं, म्हणून ते फुकटचं वाटतं. ८,४०० डॉलर, पाच वर्षं, साडेआठ टक्के, म्हणजे महिना साधारण १७२. हौसेला मोल नसतं म्हणतात, हप्ता मात्र असतो. पण माझी भीती हप्त्याची नाही. वर्षभरात नोकरी गेली तर सुमारे ७,००० बाकी असतील. पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत ते भरले नाहीत, की ती रक्कम काढून घेतली असं धरतात: २२ टक्क्यांच्या स्लॅबने फेडरल कर, मिशिगनचा ४.२५ टक्के, वर साडेएकोणसाठच्या आतले म्हणून १० टक्के दंड. अडीच हजार डॉलर गेले. तुमचा महिन्याचा खर्च ६,५०० आणि आपत्कालीन निधी ९,०००, म्हणजे दीड महिनासुद्धा नाही. नोकरी गेलेली असताना हे अडीच हजार कुठून येणार? या बाबतीत तुमच्या बायकोचं बरोबर आहे.

मी असं करीन. हायड्रोफोन आणि साधा अँप्लिफायर आत्ता, चालू पगारातून. फोन, जोडणी आणि चाचणी मिळून ७,८०० होतात, त्यातले निम्मे मित्राने द्यायचे. ‘मी ट्रेलरचं बघतो, तू इलेक्ट्रॉनिक्सचं’ ही तुमच्यातली वाटणी मोडा. ट्रेलर उद्या विकता येतो, कवचात रेझिन ओतून पक्की बसवलेली केबल नाही. तुमच्या वाट्याचे ३,९०० डॉलर महिना ३२५ ने बारा महिन्यांत जमतात. तसंही ऑक्टोबरनंतर पाणबुडी शेडमध्येच असणार. तोवर उथळ पाण्यात, वर तरंगता बोया बांधून आणि बोटीशी वेळ ठरवून बुड्या मारा. भागीदारीचा एक पानी करारही लिहून घ्या, एकाला बाहेर पडायचं झालं तर फोनचं काय, यासकट.

पत्राच्या शेवटी तुम्ही टर्म इन्शुरन्स वाढवायचं म्हटलंय. त्या अर्जात धोकादायक छंद विचारतात, तिथे पाणबुडी स्पष्ट लिहा. हप्ता वाढेल किंवा पाण्याखालचा मृत्यू वगळतील. वगळला तर दुसऱ्या कंपनीकडे विचारा. पण लपवलंत, आणि पहिल्या दोन वर्षांत काही झालं, तर कंपनी अर्ज उकरून दावा नाकारू शकते. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद करू नका.