पेवॉल सगळीकडे आलेत, मग भरवशाच्या बातम्या वाचायच्या कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे की कुठलीही चांगली वेबसाइट उघडली की दोन परिच्छेदांनंतर 'पुढे वाचण्यासाठी सबस्क्राइब करा' अशी चौकट, म्हणजे पेवॉल, येते, सगळ्यांना पैसे देणं परवडत नाही आणि जे फुकट मिळतं त्यावर भरवसा बसत नाही, मग बातम्या वाचायच्या कुठे. मी पत्रकार नाही, पण ह्या गोष्टीत गेली काही वर्षं बराच वेळ घातलाय आणि त्याचं कारण घरातलंच आहे, म्हणून आधी तेच सांगते.

२०१८ च्या जुलैमध्ये माझ्या आईनं ब्लड प्रेशरची गोळी घेणं बंद केलं, कुणाला न सांगता. चौथ्या दिवशी तिला गरगरायला लागलं तेव्हा मला कळलं. तिच्या गोळीत वालसार्टन होतं आणि व्हॉट्सॲपवर बातमी फिरत होती की वालसार्टननं कॅन्सर होतो, सगळी औषधं मागे घेतली. मी मोबाइल घेऊन बसले. एका मोठ्या वर्तमानपत्रात सविस्तर बातमी होती, पण पहिल्या तीन ओळींनंतर अक्षरं फिकट होत गेली आणि पैशांची चौकट आली. मग फुकटच्या साइट्स उघडल्या, चार उघडल्या तर चारही ठिकाणी तेच वाक्य, शब्द न् शब्द तोच, 'वालसार्टनची सर्व औषधं बाजारातून मागे', म्हणजे एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. कुणीच मूळ पत्रक उघडून बघितलं नव्हतं.

शेवटी मी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या साइटवर गेले. तिथं १३ जुलैचं पत्रक होतं, एक पैसा न देता, लॉगिनसुद्धा न करता. त्यात स्पष्ट लिहिलेलं की ठराविक कंपन्यांच्या औषधात एनडीएमए नावाची, कॅन्सरशी संबंध असू शकणारी अशुद्धी सापडली आहे, वालसार्टनची सगळी औषधं परत मागवलेली नाहीत, आणि बदली औषध हातात येईपर्यंत रुग्णानं गोळी थांबवू नये. युरोपच्या औषध संस्थेनं तर आठवडाभर आधीच, ५ जुलैला, ह्यावर निवेदन काढलं होतं. मी डॉक्टरांना फोन केला, गोळीच्या पाकिटावरचं कंपनीचं नाव वाचून दाखवलं, त्यांनी चौकशी करून सांगितलं की हीच गोळी चालू ठेवा, काळजी नाही. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल आणि तेवढ्या अर्ध्या तासासाठी आईचे चार दिवस धोक्यात गेले होते.

तेव्हापासून मी एक धरून चालते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण बातमीचं मूळ मात्र शोधायलाच हवं, आणि ते मूळ बहुतेक वेळा पेवॉलच्या भिंतीबाहेरच असतं. कोर्टाचा निकाल, मध्यवर्ती बँकेचं पत्रक, जागतिक आरोग्य संघटनेची सूचना, संसदेतलं विधेयक, कंपनीनं शेअर बाजाराला दिलेली माहिती, हे बहुतेक फुकट असतं. कंटाळवाणं असतं हे मान्य, पण पहिलं पान आणि तक्ते वाचले तरी हेडलाइन खरी की फुगवलेली ते समजतं. संशोधनाची बातमी असेल तर पेपरचा सारांश फुकट दिसतोच, आणि पूर्ण पेपर बंद असेल तर लेखकांना सरळ ईमेल करा, बरेचजण आनंदानं पाठवतात, मला दोनदा मिळालाय.

आता पेवॉल का आले हे थोडं समजून घेतलं तर राग कमी होतो. वर्तमानपत्र चालायचं ते मुख्यतः जाहिरातींवर, छोट्या जाहिराती धरून, आणि त्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, गुगल आणि फेसबुककडे गेल्या. वॉल स्ट्रीट जर्नलनं १९९० च्या दशकातच ऑनलाइन पैसे घ्यायला सुरुवात केली होती, लंडनच्या टाइम्सनं २०१० मध्ये पूर्ण दारच लावून घेतलं, आणि न्यूयॉर्क टाइम्सनं मार्च २०११ मध्ये महिन्याला २० लेख फुकट आणि पुढे पैसे असा मीटर बसवला, वर्षभरात ते २० चे १० केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर रॉयटर्स आणि सीएनएन दोघांनीही आपापल्या साइटवर पैसे मागायला सुरुवात केली. बातमीदाराला पगार द्यावाच लागतो, ह्यात चूक काही नाही. त्रास एवढाच की मेहनतीची बातमी भिंतीच्या आत राहते आणि तिची उचललेली, मोडतोड केलेली नक्कल बाहेर फिरते.

म्हणून दुसरी जागा, वृत्तसंस्था, म्हणजे बातम्या गोळा करून पेपरांना पुरवणाऱ्या संस्था. तुम्ही जगातल्या कुठल्याही पेपरमध्ये परदेशातली बातमी वाचता तेव्हा ती बऱ्याचदा एपी, रॉयटर्स किंवा एएफपीचीच असते, सुरुवातीला गावाच्या नावाशेजारी कंसात लिहिलेलं असतं, ते बघायची सवय लावा. असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, १८४६ पासून आहे आणि ती ना-नफा तत्त्वावरची सहकारी संस्था आहे, वर्तमानपत्रांनी मिळून काढलेली, त्यांची साइट उघडी आहे. रॉयटर्सची स्वतःची साइट पैसे मागत असली तरी त्यांची बातमी विकत घेऊन छापणारे इतर असतात, तर बातमीचं पहिलं वाक्य कॉपी करून अवतरण चिन्हात सर्च करा, तीच बातमी कुठेतरी अधिकृतपणे उघडी सापडते. आणि ह्यात चोरीमारी काही नाही. पेवॉल फोडायच्या ट्रिक्स विचाराल तर त्या मी वापरत नाही आणि सांगणारही नाही, कारण ज्यांच्या कामावर आपला भरवसा आहे त्यांचाच घास आपण काढून घेतो असं मला मनापासून वाटतं.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्था पण आहेत, पण इथं जरा थांबून बघायला लागतं. बीबीसी ब्रिटनमधल्या लायसन्स फीवर चालते, तिच्या वर्ल्ड सर्व्हिसला सरकारी अनुदानही मिळतं, डॉइचे वेले जर्मनीच्या करातून चालते. दोघांच्या बातम्या आपल्याकडे फुकट आणि अनेक भाषांत आहेत, बीबीसीच्या तर मराठीतसुद्धा. पैसा सरकारचा म्हणजे बातमी सरकारची असं सरसकट नसतं, पण बघायचं हे की ती संस्था स्वतःच्या देशाच्या सरकारला अडचणीची बातमी देते का. देत असेल तर वाचा. कधीच देत नसेल तर ती सरकारची जाहिरात समजून बाजूला ठेवा.

ना-नफा वाल्यांकडे लोकांचं लक्ष कमी जातं, खरंतर तिथं खजिना आहे. अमेरिकेतली प्रोपब्लिका २००८ पासून शोधपत्रकारिता छापतेय आणि त्यांच्या बहुतेक बातम्या कुणालाही अटी पाळून फुकट पुन्हा छापता येतात. द कॉन्व्हर्सेशन २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालं, तिथं विद्यापीठातले लोक आपापल्या विषयावर लिहितात आणि लेखकाला पैसे कुठून मिळतात तेही लेखासोबत जाहीर केलेलं असतं, ही गोष्ट मला फार आवडते. पनामा पेपर्स (परदेशातल्या गुप्त कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं) काढणारा शोधपत्रकारांचा आंतरराष्ट्रीय गट, त्यांनी २०१६ मध्ये सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रं धुंडाळली आणि त्यातल्या कंपन्यांची यादी आजही कुणालाही फुकट शोधता येते. गार्डियननं वेबसाइटला भिंत घातली नाही, ते वाचकांकडे स्वेच्छेनं पैसे मागतात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एकदा विचारून बघा, अनेक वाचनालयांच्या मेंबरशिपमध्ये वर्तमानपत्रांचं डिजिटल वाचन येतं आणि मेंबरांनाच ते माहीत नसतं. काही पेपरांत पैसे भरणाऱ्याला महिन्याला थोडे लेख गिफ्ट लिंक म्हणून पाठवता येतात, तर मित्रांमध्ये एकेकानं एकेक पेपर घेतला तरी भागतं.

पण नवीनच साइट समोर आली, नाव ऐकलेलं नाही, तेव्हा काय? स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू ह्यांनी २०१७ मध्ये ४५ जणांना वेबसाइट्स तपासायला दिल्या होत्या, त्यात १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर (बातम्या खऱ्या की खोट्या ते तपासणारे) आणि २५ विद्यार्थी. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं दिलेली, नावं जवळपास सारखी, एक जुनी हजारो डॉक्टरांची आणि दुसरी तिच्यातून फुटलेला छोटा गट. शिकलेसवरलेले लोक त्याच पानावर वर-खाली करत बसले, लोगो बघितला, डिझाइन बघितलं, संदर्भ मोजले आणि बरेचजण फसले. फॅक्ट-चेकर मात्र ते पान लगेच सोडून नवीन टॅब उघडत होते आणि ह्या संघटनेबद्दल दुसरे लोक काय म्हणतात ते बघत होते, आणि तेच कमी वेळात बरोबर ठरले. मी हे वाचल्यापासून 'आमच्याविषयी' हे पान वाचणं जवळजवळ सोडलंच, तिथं सगळेच स्वतःला निर्भीड म्हणवतात. आधी नाव सर्च करते, मालक कोण, पैसा कुठला, पूर्वी काय चुका केल्या, दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

एआयला विचारून बातमी समजून घेणारे आता खूप झालेत, त्यांच्यासाठी एवढंच की २०२५ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसीनं २२ माध्यमसंस्थांना घेऊन तपासणी केली तेव्हा बातम्यांवरच्या ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी मोठा दोष निघाला. एआयनं दिलेली लिंक उघडून बघा, ती उघडत नसेल तर ते उत्तर धरू नका.

राहिला पैशांचा प्रश्न. माझं मत असं की एका ठिकाणी तरी भरावेत, जमत असेल तर, आणि तेही मोठ्या नावाला पाहून नाही. आपल्या भागातल्या सभेला, कोर्टात, दवाखान्यात माणूस पाठवणारं कुणी असेल तर आधी त्याला, कारण मोठ्या पेपरला दुसरे लाखो वाचक आहेत, ह्याला नाहीत. आणि चूक झाल्यावर ते काय करतात ते बघून ठरवा, चुका सगळ्यांच्याच होतात. त्या २०१८ च्या जुलैमध्ये मी त्या चारही साइट्सना ईमेल केला होता, पत्रकाची लिंक जोडून, की 'सर्व' हा शब्द चुकीचा आहे आणि त्यामुळे माझ्या आईनं गोळी सोडली. तिघांकडून काहीच आलं नाही, एकानं तर नंतर बातमी गुपचूप काढून टाकली. चौथी साइट सगळ्यात लहान होती, त्यांचं संध्याकाळी उत्तर आलं, हेडलाइन बदलली आणि बातमीच्या अगदी वर दुरुस्ती टाकली, आधी काय लिहिलं होतं, काय चुकलं, कधी बदललं, आणि रुग्णांनी औषध थांबवू नये हे वाक्य ठळक अक्षरात. पुढे दोन वर्षांनी त्यांनी वर्गणी सुरू केली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात भरली, अजून भरते.