युरोपात लोक ग्रीन धोरणांवर का चिडलेत? बिल आधी आलं, मदत मागून

तुम्ही विचारलंय की नुकतेच जर्मनीत आलात आणि ऑफिसात ग्रीन पक्षाचा विषय निघाला की चांगली शिकलेली माणसंसुद्धा एकदम तापतात, मग या लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलंच नाही का. मी बरीच वर्षं पश्चिम जर्मनीत बोखुमला राहते म्हणून जरा सविस्तर लिहिते. पडलेलं आहे हो, नक्की आहे. राग आहे तो पैसे कुणी भरायचे आणि कधी भरायचे यावर, आणि माझ्या मते त्यातलं ‘कधी’ लोक फार कमी लक्षात घेतात.

तुमच्या ऑफिसातला राग बहुतेक २०२३ च्या हीटिंगच्या कायद्यापाशी जाऊन पोचेल. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी तेव्हाचे ग्रीन पक्षाचे अर्थ आणि हवामान मंत्री रॉबर्ट हाबेक यांच्या मंत्रालयाचा कच्चा मसुदा पेपरात फुटला, की १ जानेवारी २०२४ पासून जे नवीन हीटिंग बसेल ते किमान ६५ टक्के रिन्यूएबल ऊर्जेवर चालायला हवं. आता इथली जवळपास निम्मी घरं गॅसवर तापतात. लहान गावात जुनं घर, दोघं रिटायर झालेली, घर कधीच नीट इन्सुलेट केलेलं नाही, अशा माणसांनी त्या बातमीतून एवढंच घेतलं की उद्या बॉयलर बंद पडला तर आपल्याला वीस-तीस हजार युरोचा हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र) घ्यायचाय. चालू बॉयलर काढून टाकायची सक्ती नव्हती, दुरुस्ती चालणार होती, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही कारण मसुदा फुटला तेव्हा सबसिडी किती आणि कुणाला याचं काहीच ठरलेलं नव्हतं.

पुढे ठरलं ते खरं तर चांगलं ठरलं. खर्चाच्या ३० टक्के सबसिडी सगळ्यांना, जुनं हीटिंग लवकर बदललं तर आणखी, आणि घराचं करपात्र उत्पन्न वर्षाला ४०,००० युरोपर्यंत असेल तर अजून ३० टक्के, सगळं मिळून जास्तीत जास्त ७० टक्के. पण मध्ये सरकारातले तीन पक्ष आपसातच भांडत बसले, जुलैमध्ये घटनात्मक कोर्टाने मतदान थांबवलं कारण खासदारांना वाचायलाच पुरेसा वेळ दिला नव्हता, आणि कायदा पास झाला सप्टेंबरमध्ये. म्हणजे मदत आली ती वरातीमागून घोडं तशी, तोपर्यंत लोकांनी घाबरून गॅसचेच नवे बॉयलर बसवून घेतले होते. सबसिडीचा तक्ता आणि मसुदा एकाच दिवशी बाहेर आले असते तर आज जर्मनीचं राजकारण थोडं वेगळं दिसलं असतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट कार्बनच्या किमतीची, म्हणजे इंधन जाळून जो कार्बन डायऑक्साइड होतो त्यावरच्या शुल्काची. २०२१ पासून इथे पेट्रोल, डिझेल, गॅस, हीटिंग ऑइल सगळ्यावर ती लागते, सुरुवात टनाला २५ युरो, २०२५ मध्ये ५५. ही किंमत गरिबाला जास्त टोचते कारण त्याच्या पगाराचा मोठा वाटा हीटिंगवरच जातो. म्हणून २०२१ च्या सरकारने युतीच्या करारात लिहिलं होतं की पैसे माणशी परत देण्याची व्यवस्था उभी करू, क्लिमागेल्ड म्हणतात त्याला. ते कधी आलंच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोर्टाने हवामान निधीतले ६० अब्ज युरो रद्द ठरवले आणि मग तो विषयच मागे पडला. शेजारच्या ऑस्ट्रियाने मात्र २०२२ पासून खरंच पैसे दिले, आणि पुढे त्यात राहण्याच्या जागेनुसार रक्कम ठरायची, जिथे बस-ट्रेन कमी तिथे जास्त, जे मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. पण २०२५ मध्ये सरकारी खर्च कमी करताना तेही बंद केलं. किंमत राहिली, परतावा गेला.

फ्रान्समध्ये हे आधीच होऊन गेलं होतं. मॅक्रॉन सरकारने २०१८ मध्ये श्रीमंतांवरचा जुना संपत्ती कर काढला, फक्त स्थावर मालमत्तेवरचा ठेवला, आणि त्याच वर्षी डिझेलवरचा कर अजून वाढवायला निघाले. जिथे गाडीशिवाय कामावर जाताच येत नाही तिथले लोक १७ नोव्हेंबरला पिवळी जॅकेटं घालून चौकाचौकात उतरले, आणि डिसेंबरमध्ये करवाढ मागे घ्यावी लागली. एकाला सूट आणि दुसऱ्याला कर, एकाच वर्षात, हे कुठल्याही देशात चालणार नाही.

आता मी राहते त्या रूअर भागाबद्दल, कारण इथे उलटं उदाहरण आहे. १९५७ च्या सुमाराला पश्चिम जर्मनीत दगडी कोळशाच्या कामावर सहा लाखांच्या आसपास माणसं होती. शेवटची खाण, बोट्रॉपची प्रोस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. मध्ये साठ वर्षं गेली, आणि कुठल्याही खाणकामगाराला नुसतं रस्त्यावर सोडायचं नाही हे युनियनने धरून ठेवलं, म्हणून लवकर पेन्शन, बदली, नवं ट्रेनिंग असं करत करत खाणी मिटल्या. मध्येच १९६५ मध्ये बोखुमला युनिव्हर्सिटी सुरू झाली, त्याआधी एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यात एकही नव्हती. यात अफाट सरकारी पैसा गेला. तरी मी म्हणेन तो सत्कारणी लागला. स्पेनने २०१८ मध्ये हेच कमी वेळात केलं, आधी युनियनशी करार, २५ कोटी युरो, ४८ च्या पुढच्या खाणकामगारांना लवकर पेन्शन, आणि मग वर्षअखेर खाणी बंद.

याउलट पूर्वेला लाउझित्समध्ये १९९० नंतर लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) कामातली बहुतेक माणसं एका दशकात घरी बसली, आपल्या गिरणगावात झालं तसंच. त्यामुळे २०३८ पर्यंत कोळसा बंद आणि कोळशाच्या प्रदेशांना मिळून ४० अब्ज युरो असं ठरलं तरी तिथल्या माणसाचा विश्वास बसत नाही. कॉटबुसला रेल्वेचा नवा कारखाना सुरू झालाय, मेडिकल युनिव्हर्सिटी आलीय, आणि तरी सप्टेंबर २०२४ च्या ब्रांडेनबुर्ग राज्याच्या निवडणुकीत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला २९ टक्के मतं पडली. बरं, पैसा आणि वेळ दिला की सगळं जमतं असंही समजू नका, कारण इथे बाजूलाच गेल्सनकिर्शेनमध्ये फेब्रुवारी २०२५ च्या संसदेच्या निवडणुकीत पक्षाला पडणाऱ्या मतांत एएफडी पहिली आली. खाणकामगारांचं नीट झालं, पण त्यांच्या मुलांसाठी तेवढं पक्कं काम शहरात परत आलं नाही.

पुढची परीक्षा सगळ्या युरोपाची आहे. हीटिंग आणि पेट्रोल-डिझेलवरची युरोपीय कार्बन किंमत २०२७ ला यायची होती, ती २०२८ वर ढकललीय. तिच्यासोबतचा सोशल क्लायमेट फंड, देशांचा वाटा धरून ८६ अब्ज युरोंच्या वर, २०२६ ते २०३२ साठी आहे. म्हणजे कागदावर तरी या वेळी मदत आधी आहे. पोलंडसारख्या देशात, जिथे अजून कितीतरी घरात कोळसाच जळतो, तो पैसा किंमत लागायच्या आत घरात पोचतो का हे मी तरी डोळ्यात तेल घालून बघणार आहे.

आणि तुम्ही भाड्याने राहत असाल म्हणून एक उपयोगाचं सांगते, कारण हे बऱ्याच आपल्या लोकांना माहीत नसतं. २०२३ पासून हीटिंगवरचा कार्बनचा खर्च घरमालक आणि भाडेकरूत वाटला जातो, इमारत तापवताना चौरस मीटरमागे जितका जास्त कार्बन सुटतो तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी ९५ टक्क्यांपर्यंत. सेंट्रल हीटिंग असेल तर मालकच हिशोबात ते दाखवतो. पण फ्लॅटमध्ये स्वतःचा गॅस बॉयलर आणि गॅसचं बिल तुमच्या नावावर असेल तर मालकाकडे तुम्हालाच मागावं लागतं, बिल आल्यापासून १२ महिन्यांच्या आत, लेखी. बिलावर कार्बनचा आकडा छापलेला असतो, तो आणि घराचे चौरस मीटर घेऊन बसा, काही अडलं तर इथेच विचारा.