फोररनर व्हायचंय? मग आधी क्लब धर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याचा आहेस, यवतेश्वरचा घाट नेमाने पळतोस, ऑगस्टमध्ये शिकायला नॉर्वेत ट्रॉनहाइमला निघालायस, आणि तिथे क्रॉस-कंट्री स्कीची (बर्फातल्या चढ-उतारांवरून लांब पल्ल्याची स्की शर्यत) मोठी स्पर्धा झाली तर स्वयंसेवक म्हणून फोररनर, म्हणजे शर्यतीआधी स्कीवरून फेरी मारून ट्रॅक तपासणारा, व्हायचंय. दम आहेच, स्की तिथे जाऊन शिकू, असा तुझा हिशोब.

पहिल्या हिवाळ्यात हे होणार नाही. वर्ल्ड कपचं तर दुसऱ्यातही धरू नकोस. मी अपशिंग्याचा, फौजेतून निवृत्त. गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्की शिकलो आणि तिकडच्या स्पर्धांत हे काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शर्यतीच्या आधी मोकळ्या ट्रॅकवरून जायला मिळतं, टीव्हीवर दिसतो, म्हणून पोरांना याचं आकर्षण वाटतं. जबाबदारी मात्र ट्रॅकची असते. क्लासिक प्रकारात यंत्राने बर्फात दोन समांतर चर दाबलेले असतात आणि स्की त्यातून घसरते. वैयक्तिक शर्यतीत खेळाडू साधारण तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुटतात. ऐन सकाळी बर्फ पडायला लागला की चर भरतात, मग आधी सुटलेला बिचारा मागच्यांसाठी वाट करत बसतो. हा अन्याय कमी व्हावा म्हणून फोररनर सुरुवातीच्या आधी फेऱ्या मारून चर उघडे ठेवतात.

बर्फ पडत नसेल तर बघायच्या गोष्टी वेगळ्या. उताराच्या वळणावर बर्फ खरवडून गेलाय का, सावलीतला भाग काचेसारखा झालाय का, दिशेच्या फळ्या आणि बंद केलेले फाटे जागेवर आहेत का, पायाला बांधलेली चिप प्रत्येक टायमिंग पॉइंटवर नोंदली जातेय का. परत आल्यावर कोर्सच्या, म्हणजे शर्यतीच्या मार्गाच्या, प्रमुखाला हे नेमकं सांगता आलं पाहिजे. ‘ट्रॅक मस्त आहे’ याचा त्याला काडीचा उपयोग नाही. ‘दुसऱ्या उतारावर डाव्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला बर्फ उघडा पडलाय’ म्हटलंस की तो लगेच फावडी घेऊन माणसं पाठवतो.

खरी परीक्षा उतारावर. नवशिका घाबरला की स्कीची पुढची टोकं जवळ आणून, मागे फाकवून नांगरासारखा घासत उतरतो. स्वतःपुरतं ठीक आहे, पण त्या घासण्याने नेमक्या त्याच जागेचा बर्फ निघतो जिथून थोड्या वेळाने शर्यतीतले खेळाडू भन्नाट वेगात येणार असतात. फोररनरने वळणावर छोटी छोटी पावलं टाकत वळायचं आणि चर शाबूत ठेवायचे. पडलास तर खड्डा बुजवल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे सगळं शर्यतीच्या जवळपासच्या वेगाने. तिकडची पोरं चालायला लागली की स्कीवर उभी राहतात, म्हणून या कामाला बहुधा क्लबातले तयार ज्युनिअर किंवा नुकतेच शर्यती सोडलेले खेळाडू असतात. तुझ्या घाटातल्या दमाने ही तफावत भरून निघत नाही.

मग वाट कोणती? गेल्या गेल्या विद्यार्थ्यांचा किंवा गावातला स्की क्लब धर. ट्रॉनहाइमच्या ग्रानोसेनला २०२५ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, त्यामुळे अनुभवी कार्यकर्ते तिथे घराघरांत सापडतील. स्वयंसेवकांच्या अर्जात फोररनरचा रकाना शोधत बसू नकोस, कोर्सचा प्रमुख आपल्या ओळखीतलीच माणसं उचलतो. तू कोर्सवरच्या टोळीत नाव दे: फावडं, कुंपण, फळ्या, कडेचा बर्फ आत ओढणं. माझ्या मते फोररनरपेक्षा हेच काम जास्त शिकवतं, कारण बर्फ दर तासाला कसा बदलतो ते तिथे कळतं. मग एखाद्या लहान मुलांच्या क्लब शर्यतीत ‘तू आधी एक फेरी मार’ असं कुणीतरी म्हणेल. सुरुवात तिथूनच होते.

थंडीला हलकं घेऊ नकोस. कोर्सवरच्या सगळ्यांत थंड जागी तापमान उणे २० अंशांच्या खाली गेलं तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. बीजिंगला २०२२ मध्ये पुरुषांची ५० किलोमीटरची शर्यत थंडी-वाऱ्यामुळे २८.४ वर आणली होती. खेळाडू संपवून आत जातात, टोळी मात्र बाहेरच उभी असते. सुती बनियन साताऱ्यातच ठेव.

उंचीची चिंता नको. नियमाने कोर्स १८०० मीटरच्या वर नसावा, आणि ट्रॉनहाइम तर समुद्रकाठी आहे. आमचं गुलमर्गच २६५० मीटरच्या आसपास, तिथे दोन चढांत जीव घशाशी यायचा.

इथे असताना काय करशील? पळणाऱ्यांचे पाय आणि छाती तयार असते, खांदे आणि तोल कच्चे. काठ्या घेऊन अजिंक्यताऱ्याचा चढ उड्या मारत चढ, एका पायावर उभं राहायची सवय लाव. रोलर स्की (रस्त्यावर चालवायची चाकांची स्की) मिळाली तर यवतेश्वरचा घाट पहाटे फक्त चढायचा. तिला सहसा ब्रेक नसतो, उतरायला मित्राची गाडी बोलाव. कास फुललेलं असताना तर त्या रस्त्याचं नावच काढू नकोस, पर्यटकांच्या गाड्यांत मरशील. बर्फ नसलेल्या मुलखातून काय होणार असं कुणी म्हटलं तर कोडगूच्या भवानी तेक्कडाचं नाव सांग, ती क्रॉस-कंट्रीच करते.

सामान इथून घेऊ नकोस. कुणी स्कीच्या तळाला लावायच्या वॅक्सचा जुना डबा फुकट दिला तरी त्यात फ्लोरिन नाही ना ते बघ. २०२३-२४ च्या हंगामापासून त्यावर बंदी आहे, आणि तुझी स्की त्याच चरांतून जाणार. क्लासिकचे पोल (हातातल्या काठ्या) उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब चालत नाहीत, तेव्हा तू १७५ सेंटिमीटर असशील तर १४५ च्या आतले माग.