वस्तू आधी, कपाट नंतर

वागळे इस्टेट, ठाणे

सप्रेम आशीर्वाद.

नौपाड्यातील कुटुंबासाठी तू काढलेला कपाटाचा आराखडा मी बारकाईने पाहिला. सागाची निवड योग्य आहे आणि सांधेही विचारपूर्वक ठरवलेले आहेत. तरीही या कपाटासमोर उभा राहणारा माणूस आधी कपाटच पाहील, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. पितळी पट्टीची नक्षी आणि प्रत्येक कप्प्यातला वेगळा दिवा यांत तुझे कौशल्य दिसते. पण ते कुटुंब तुझ्याकडे आले आहे ते आजीची पैठणी, चांदीची अत्तरदाणी, समई आणि वारली चित्र नीट ठेवता यावे म्हणून. आराखड्यात कप्प्यांची मापे आहेत, वस्तूंचे मात्र एकही माप नाही. म्हणून आधी त्यांच्या घरी जाऊन प्रत्येक वस्तूची उंची, रुंदी, खोली आणि वजन लिहून घे, आणि ती वस्तू वर्षातून किती वेळा व कोणाच्या हाताने बाहेर निघते, हेही विचार.

जुन्या वाड्यांतले कोनाडे तू पाहिले असशील. जाड भिंतीतल्या त्या साध्या पोकळीला कसलीही सजावट नसते, पण आत ठेवलेल्या दिव्याला किंवा मूर्तीला मागे सावली मिळते, बाजूंनी मोकळी जागा मिळते, आणि नजर आपोआप तिच्यावर स्थिरावते. आपल्या फ्लॅटच्या भिंती कोनाडा कोरण्याइतक्या जाड नसतात. ती खोली आणि ती सावली तुला लाकडातून निर्माण करायची आहे. पाठीची फळी चकचकीत नको आणि पांढरी तर मुळीच नको. वारली चित्रातल्या आकृती गेरूच्या किंवा मातीच्या रंगावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढलेल्या असतात. शेजारी पांढरा सनमाइका आला की चित्रातला पांढरा मळकट दिसू लागतो. वास्तुकार कार्लो स्कार्पा यांनी इटलीतील व्हेरोना येथील कास्तेलवेक्यो संग्रहालयात काही चित्रे भिंतीवरून उतरवून स्वतंत्र घोडीवर (ईझलवर) उभी केली आणि शिल्पांसाठी वेगवेगळ्या बैठका घडवल्या. त्या कामाची छायाचित्रे अवश्य पाहा, कारण आधाराची रचना किती विचारपूर्वक केली आहे ते तिथे कळते, पण आधी दिसते ते चित्र किंवा शिल्पच.

चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर ठेवावा, असा संग्रहालयांतला सर्वसाधारण प्रघात आहे. तो उभ्याने पाहणाऱ्यांसाठी आहे. आपल्या दिवाणखान्यात माणसे बहुतेक वेळ सोफ्यावर बसून पाहतात आणि तेव्हा त्यांचे डोळे साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात, म्हणून मी चित्र खाली आणण्याच्या बाजूने आहे.

फळी बारीक दिसावी ही तुझी इच्छा रास्त आहे. मात्र तेच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर तिचा झोल आठपट होतो, आणि जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. जड समई ठेवायच्या फळीला २५ मिलिमीटर जाडी दे आणि पुढच्या कडेला खालून उतार काढून दर्शनी जाडी ८ मिलिमीटर राहू दे. समोरून ती हलकी दिसेल आणि भार मागची पूर्ण जाडी घेईल.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ती म्हणजे बंद कपाटातली हवा. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) आणि हलक्या प्रतीच्या प्लायमधून फॉर्मल्डिहाइड हा वायू सुटत राहतो, त्यातून आम्ल तयार होते, आणि काचेआड कोंडलेल्या जागेत ते पितळेवर व शंख-शिंपल्यांवर परिणाम करते. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे, आणि लोकरीच्या फेल्टमधून व काही रबरांतून तीच बाहेर पडतात. तू अत्तरदाणीखाली दाखवलेले हिरवे फेल्ट म्हणूनच काढून टाक आणि तिथे खळ काढून धुतलेले सुती कापड घाल. प्लाय कमी उत्सर्जनाचा, म्हणजे असा वायू कमी सोडणारा घे, त्याच्या कापलेल्या कडा चारही बाजूंनी बंद कर, आणि पॉलिश झाल्यावर दारे उघडी ठेवून कपाट काही आठवडे रिकामे राहू दे. ग्राहक घाई करतील, पण तेवढा वेळ तू मागूनच घ्यायचा आहेस.

पावसाळ्यात ठाण्यातली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि ६५ टक्क्यांच्या वर ती बराच काळ राहिली की रेशमाला बुरशीचा धोका असतो. म्हणून बाहेरच्या भिंतीपासून कपाट निदान २५ मिलिमीटर पुढे घे, खाली बारीक छिद्रे असलेला एक उथळ खण कर आणि त्यात ओल शोषणारे सिलिका जेल ठेवण्याची सोय कर, म्हणजे वस्तू न हलवता ते बदलता येईल. सागाची रुंद फळी चौकटीत सरसाने पक्की करू नकोस. आडव्या अंगाने फुगायला तिला खाचेत जागा हवी.

दिव्यांबाबत थोडक्यात लिहितो. रेशमासाठी ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपासचा मंद प्रकाश पुरतो, दिव्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर कपाटाबाहेर असावा, आणि काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये थर चिकटवलेली, घेतली तर तिच्यातला थर बहुतेक सर्व अतिनील किरण अडवतो. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून येत नाही, त्यामुळे पैठणी बाराही महिने काचेआड ठेवायला मी राजी नाही. तिच्यासाठी खाली एक रुंद खण कर, जिथे ती कमीत कमी घड्या घालून ठेवता येईल आणि सणासुदीला वर येईल.

पुढचा आराखडा काढण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याचे पूर्ण मापाचे कपाट करून त्यांच्या दिवाणखान्यात उभे कर. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन कुठवर येते ते पाहा आणि तिथे वस्तू ठेवू नकोस. मग घरातल्या आजींना अत्तरदाणी स्वतःच्या हाताने काढायला सांग. त्यांना टाचा उचलाव्या लागल्या, तर ती फळी खाली घे आणि नवी मापे मला कळव.

तुझा शुभचिंतक