दोन सेटच्या मध्ये थांबायला शिक

पहिल्या सेटला (सलग मारलेल्या पहिल्या फेरीला) स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका, दहा होतात आणि तिसऱ्याला सहावरच पाय लटपटतात, म्हणतोस. तुझी ताकद कमी नाही रे, विश्रांती कमी पडतेय. जड वजनाला स्नायू साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे झटपट ऊर्जा देणारं द्रव्य, वापरतात. ते बरंचसं भरून यायला तीनेक मिनिटं लागतात. तू चाळीस सेकंदांत परत बारखाली शिरतोस.

सध्या एवढंच पाळ:

- स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार वर ढकलणं): २ ते ३ मिनिटं.
- बायसेप्स, ट्रायसेप्ससारखे छोटे व्यायाम: १ ते दीड मिनिट पुरे.
- अंदाजाने नको, घड्याळ लाव. रील बघत बसलं की तीनाची दहा मिनिटं होतात, अंग गार पडतं.

व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड यांच्या २०१६ च्या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर ३ मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद १ मिनिटवाल्यांपेक्षा जास्त वाढली होती.

आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे घामावरून व्यायाम मोजणं. रत्नागिरीत मे महिन्यात नुसतं उभं राहिलं तरी बनियन पिळून निघतं! दमट हवेत घाम वाळत नाही, धापही उशिरा कमी होते, म्हणून तेव्हा अर्धं मिनिट जास्त घे. थांबताना दोन घोट पाणी पी, सावकाश फेऱ्या मार आणि डेडलिफ्टआधी तळहात पंचाने कोरडे कर, ओल्या हातातून बार सटकतो.

सुपरसेट (दोन व्यायाम न थांबता लागोपाठ), ड्रॉपसेट (वजन कमी करत न थांबता पुढे चालू) सहा महिने विसर. सोमवारी वजन तेच ठेव, पूर्ण ३ मिनिटं थांब आणि तिसऱ्या सेटला किती झाले ते मला कळव.