घोडबंदर रोडला स्कूटरवरून पडलो, एक्स-रे नॉर्मल, तरी श्वास घेताना छातीत कळ येते. बरगडी मोडली असेल का?

हो, असू शकते. बरगडीची बारीक चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. मी ठाण्यात कॅज्युअल्टीत काम करतो. आम्ही तो एक्स-रे काढतो तो मुख्यतः फुफ्फुसाभोवती हवा किंवा रक्त साचलंय का हे बघायला. बोटाने नेमक्या एकाच जागी दाबून कळ येत असेल तर मोडलीय असंच धरून चाला, उपचार तोच: डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळच्या वेळी, आणि उशी छातीशी घट्ट धरून दर तासाला दीर्घ श्वास, मग खोकला. छातीला पट्टा आवळू नका. श्वास उथळ होतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. साधारण ६ आठवडे लागतात. मात्र धाप, थुंकीत रक्त, ताप, किंवा खालच्या डाव्या बरगड्यांना मार लागून पोट वा डावा खांदा दुखू लागला (प्लीहेला, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या स्प्लीन या अवयवाला, इजा असू शकते), तर लगेच १०८ लावा.