आकडी येते म्हणून शाळा बंद?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत. कमी दिवसांचा जन्मला, पेटीत ठेवला होता. चालायला तीन वर्षं लागली. अजून दोन-तीन शब्दांचंच वाक्य बोलतो, पेन्सिल नीट धरता येत नाही. आकडीसाठी मिरजेच्या डॉक्टरांचं सिरप चालू आहे. गेल्या महिन्यात शाळेत प्रार्थनेच्या वेळी आकडी आली. पोरांचा गलका झाला, कुणीतरी नाकाला चप्पल लावली. आता सर म्हणतात, ‘आकड्या थांबेपर्यंत घरी ठेवा, नाहीतर खास शाळेत घाला.’ सासूबाईंनाही तेच बरं वाटतंय. पण आमची द्राक्षबाग आहे, छाटणी लागली की घरात कुणी नसतं. काय करू?
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, शाळा बंद करू नका. आकड्या कधी थांबतील हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, मग तोवर घरी म्हणजे किती वर्षं? शिवाय असं तोंडी सांगून पोराला घरी बसवायचा अधिकार सरांना नाही. 2009चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर अठरापर्यंत मोफत शिक्षण मिळतं. पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. सर घाबरलेत. आपल्या वर्गात पोराला काही झालं तर काय, ही त्यांची भीती खोटी नाही.

त्या भीतीवर एका फुलस्केप कागदाचा चांगला उपयोग होतो. मी मिरज तालुक्यात विशेष शिक्षिका होते, तेव्हा प्रत्येक पालकाकडून तो लिहून घ्यायची. एक प्रत हजेरीपटात, एक दप्तरात. आकडी कशी सुरू होते, आधी कुठला हात झटकतो, साधारण किती वेळ चालते, नंतर किती झोपतो, औषधाचं नाव, मात्रा आणि दोन फोन नंबर. बागेत रेंज नसेल तर दुसरा नंबर शाळेजवळच्या कुणाचा तरी द्या.

त्याखाली मोठ्या अक्षरात : कुशीवर वळवा. डोक्याखाली दप्तर सरकवा. गळ्याजवळचं बटण सोडा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. घड्याळ बघा; पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर 108ला फोन करा. चप्पल नि कांदा हुंगवायचा नाही, हेही लिहाच. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबतात आणि श्रेय कांदा घेऊन जातो! लांबलेल्या आकडीसाठी नाकात मारायचा स्प्रे मिळतो. तो तुमच्या मुलाला चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

सरांना विनंती करा, हे वर्गातल्या पोरांनाही एकदा करून दाखवा. आमच्या एका वर्गात तिसरीतली एक मुलगी घड्याळ बघायची, दुसरी दप्तर सरकवायची. बाई पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असायचं, गलका नाही की काही नाही.

आता औषधाचं. घरातल्या चमच्यानं मोजत असाल तर आजच बंद करा, सिरिंजनं मोजा. पोराचं वजन वाढलं की मात्राही बदलावी लागते. वर्षापूर्वीच्या कागदावरचीच मात्रा चालू असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या. चुकलेला डोस, जागरण आणि ताप, आकडी बहुतेकदा या तिघांच्या वाटेनं येते. तासगावच्या रथोत्सवाला पोराला जरूर न्या, पण त्या दिवशी औषधाची वेळ चुकवू नका आणि रात्री वेळेवर झोपवा. ‘आता बरा आहे’ म्हणून सिरप मनानं थांबवणं तर सगळ्यात वाईट.

शिकण्याचं म्हणाल, तर समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक शाळांना भेट देतात. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जाऊन मुलाचं नाव नोंदवा आणि मोघम विचारू नका. ‘या तीन महिन्यांत याला काय शिकवणार?’ असं विचारा. नुसता मागच्या बाकावर बसून डबा खाऊन येणार असेल तर ती शाळा नव्हे. पेन्सिलची मात्र घाई नको. तुमच्याकडे बेदाणा असेलच. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकेक मणी उचलून तोंड अरुंद असलेल्या डबीत टाकायला लावा. लिहायला खडूचा आखूड तुकडा द्या, म्हणजे मूठ आवळून धरताच येत नाही.

खास शाळा ही काही शिक्षा नाही. स्वतःचं स्वतः करायला आणि बोलायला शिकवणारी माणसं तिथे रोज असतील तर पुढे जरूर विचार करा. पण ती निवासी असेल, तर सात वर्षांचं, आकडी येणारं लेकरू वसतिगृहात? मी ठेवलं नसतं.

सांगलीच्या सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्राचंही बघा. ते नुसत्या आकडीवर मिळत नाही, विकासातल्या अडचणींची तपासणी होते. त्यात बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा नसणं) निघाली तर केंद्र सरकारच्या ‘निरामय’ या आरोग्य विम्याचं एक लाखापर्यंतचं संरक्षण घेता येतं, त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

प्रश्न : माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, वय नऊ. वर्षभरात वजन वाढलंय, सुस्त झालीय, येणारी अक्षरंही विसरते. बाई म्हणतात लक्ष देत नाही. शिकवणी लावू का?
– एक वडील, सांगली

उत्तर : आधी रक्तातलं थायरॉइड तपासा. डाऊन सिंड्रोम म्हणजे गुणसूत्रांतला जन्मजात फरक, आणि या मुलांत थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, म्हणून तक्रार नसली तरी वर्षातून एकदा तपासायचंच असतं. सोबत कान आणि डोळेही दाखवा. कानात पाणी साठून ऐकू कमी येतं आणि मूल ‘लक्ष देत नाही’ ठरतं. रात्री घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, तेही बघून डॉक्टरांना सांगा. शिकवणीचं हे रिपोर्ट आल्यावर ठरवा.